पोळ्यापासून येळवशीपर्यंत लिहिणं

बैलांच्या शिंगांना बेगड लागला की नांदेड-लातूरकडच्या माणसाचा स्वतःच्या वेळेवरचा ताबा सुटतो. पोळ्यामागून गणपती, गणपतीत महालक्ष्म्या, मध्येच १७ सप्टेंबरचं मुक्तिदिनाचं झेंडावंदन, मग पितरपाठ, घट, दसरा, कोजागरी, दिवाळी, तुळशीचं लग्न, त्यामागोमाग माणसांची लग्नं, माळेगावची यात्रा आणि शेवटी येळवस. श्रावणाच्या अमावास्येला सुरू झालेली ही रांग मार्गशीर्षाच्या अमावास्येला संपते. मोजून चार चांद्रमास, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. त्यातच मूग-उडीद, सोयाबीन, कापूस अशी सुगी एकामागून एक अंगावर येते.

रोज चार ओळी लिहायच्या असा नेम कोणी आषाढात धरला असेल, तर तो बहुधा महालक्ष्म्यांच्या आसपास मोडतो. सोळा भाज्या, पुरणाचा घाट, गावोगावहून येणारे पाहुणे, त्यांची अंथरुणं. अशात वही कुठे ठेवली होती हेच आठवत नाही. मग ‘दिवाळी झाल्यावर बघू’ असं ठरतं. दिवाळी होते, लग्नाच्या पत्रिका यायला लागतात, आणि बघताबघता तिळगुळाचे दिवस येतात. सवय मोडायला चार महिने भरपूर झाले.

अमेरिकेत १९९९ साली निघालेला आणि पुढे नोव्हेंबरात स्थिरावलेला एक उपक्रम बरीच वर्षं जगभर गाजला. महिन्याभरात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची, म्हणजे दिवसाला साधारण १,६६७ शब्द. आपल्याकडे नोव्हेंबर म्हणजे बहुधा दिवाळी आणि तुळशीचं लग्न. तेव्हा तो नेम आपल्याकडे भाऊबिजेच्या पुढे जाईल असं मला वाटत नाही. सणासुदीतलं लिहिणं कसं टिकवायचं हे शिकायचं तर इतक्या दूर जायची गरजही नाही. धर्माबादच्या मोंढ्यात जावं.

नांदेड जिल्ह्यातलं धर्माबाद लाल मिरचीची बाजारपेठ म्हणून राज्याच्या हद्दीपलीकडेही ओळखली जाते. पण मिरचीचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. सणासुदीत मोंढ्यात उतरतो तो खरिपाचा माल. गणपती-महालक्ष्म्यांच्या सुमारास मूग-उडीद, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन. त्यामुळे आडत दुकानात वर्षातली मोठी गर्दी आणि घरात वर्षातले मोठे सण एकाच वेळी. हमाल घाईत, मापाडी घाईत, शेतकऱ्याला पट्टी घेऊन बाजार करून सूर्य मावळायच्या आत गावी जायचं. या सगळ्या गोंधळात एक माणूस मात्र रोज, न चुकता लिहीत बसलेला असतो. तो म्हणजे मुनीम, आणि त्याच्यापुढे असतो रोजमेळ.

ज्यांनी जुनी वही पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लांबट आकार, लाल कापडाचा पुठ्ठा, दोऱ्याने शिवलेली. रकान्यांसाठी छापलेल्या रेघा नसतात. पानांना उभ्या घड्या पाडलेल्या असतात आणि घडीची खूण हीच रकान्याची रेघ. डोक्यावर ‘श्री’, खाली मिती, वार, तारीख. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पहिल्या ओळीला कालची शिल्लक. मग दिवसभरात पैसा जसा आला-गेला तशी नोंद: कोणाचा, कशापोटी, कोणाच्या हस्ते. रात्री दोन्ही बाजूंच्या बेरजा करायच्या, गल्ल्यातली रोकड मोजायची, मेळ बसला की शिल्लक काढायची आणि मग दुकान वाढवायचं. मेळ बसला नाही तर कोणी उठत नाही. बावीस रुपयांचा फरक सापडेपर्यंत चहा येत राहतो, घरून निरोप येत राहतात. कारण बुधवारी कोणाला हमालीचे ऐंशी रुपये दिले ते शनिवारी कोणालाच आठवत नाही, हे त्या गादीवरच्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. रोजमेळातून मग खतावणी होते, ज्याचं त्याचं खातं वेगळं निघतं. पण आधी रोजमेळ. आता बहुतेक दुकानांत संगणक आणि टॅली आहे. तरी आजचा दिवस आजच लिहायचा, हा शिरस्ता कोणत्याही चांगल्या दुकानात मोडलेला नाही.

या मुनिमाला कोणी लेखक म्हणत नाही. पण लिहिण्याच्या सवयीचं सगळं तंत्र त्याच्या गादीवर आहे. त्याची वेळ ठरलेली: दुकान वाढवण्याआधी. जागा ठरलेली. माप ठरलेलं: फक्त आजचं, ना कालचं ना उद्याचं. दिवस मोठा असेल तर दोन पानं, सुना असेल तर तीन ओळी, आणि तीन ओळींची त्याला लाज वाटत नाही. ‘आज काही सुचत नाही’ हे वाक्य त्याच्या धंद्यात बसत नाही. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्याच्यापुढे कोरं पान कधीच नसतं. पहिली ओळ काल रात्रीच ठरलेली असते, कारण कालची शिल्लक हीच आजची सुरुवात.

हेमिंग्वेने १९३५ साली ‘एस्क्वायर’ मासिकातल्या एका लेखात नवख्या लेखकाला जवळजवळ हाच सल्ला दिला होता. पुढे काय होणार हे माहीत असतानाच आजचं लिहिणं थांबवायचं, म्हणजे उद्या अडत नाही. सणाच्या दिवसांत या सल्ल्याची किंमत दुप्पट होते. एरवी कोऱ्या पानापुढे पाऊण तास घालवणं परवडतं. अष्टमीच्या रात्री हाताशी पंधरा मिनिटं असतात, त्यातली दहा सुरुवात शोधण्यात गेली तर उरलं काय? म्हणून उठताना उद्याच्या पानावर अर्धं वाक्य टाकून उठावं. ‘काकूंनी पुरणाबद्दल जे सांगितलं ते’ एवढं लिहिलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी ते अर्धं वाक्य हाताला धरून आत नेतं.

सणातल्या लिहिण्यावर एक शास्त्रीय प्रयोगही झालेला आहे, आणि तो मला फार आवडतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकारी व्हेरोनिका ब्रँडश्टेटर यांनी तो १९९७ साली प्रसिद्ध केला. नाताळच्या सुट्टीवर निघालेल्या विद्यार्थ्यांना सांगितलं, की नाताळची आदली संध्याकाळ कशी गेली याचा वृत्तांत ४८ तासांच्या आत लिहून पाठवा. नाताळची आदली संध्याकाळ म्हणजे त्यांच्याकडचं लक्ष्मीपूजनच. घर भरलेलं, जेवणावळ, भेटवस्तू. निम्म्या विद्यार्थ्यांना एकच जास्तीची गोष्ट करायला लावली होती: हे लिखाण नेमकं कधी आणि कुठे बसून करणार, ते आधीच ठरवून लिहून द्यायचं. ज्यांनी ठरवून दिलं त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी मुदतीत लिहिलं. बाकीच्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणांनी. इच्छा दोन्ही गटांची होती. फरक पडला तो वेळ आणि जागा आधी नक्की करण्याने.

याचं कारण समजायला अवघड नाही. सणाच्या दिवशी ‘वेळ मिळाला की लिहीन’ म्हणणाऱ्याला प्रत्येक मोकळ्या मिनिटाला नव्याने निर्णय घ्यावा लागतो: आता लिहू की जरा पडू, की आधी फुलं आणू? दिवसभरात असे वीस निर्णय होतात आणि प्रत्येक वेळी लिहिणं हरतं, कारण समोर उभा असलेला पाहुणा वहीपेक्षा नेहमीच तातडीचा असतो. ‘रात्रीची आरती झाली की देवघराशेजारच्या खिडकीत’ असं आधीच ठरलेलं असेल तर निर्णयाचा प्रश्नच उरत नाही. आरती संपते, पाय तिकडे वळतात. सणात नेहमीचं घड्याळ कोलमडतं हे खरं, पण सणाची स्वतःची घड्याळं असतात. आरती, नैवेद्य, पहाटेचं अभ्यंगस्नान, रात्री पणत्यांत तेल घालणं. ‘रात्री दहा वाजता’ हा नेम दिवाळीत टिकणार नाही. ‘पणत्या विझल्यावर’ हा टिकेल. मुनिमानेही दहा वाजताचा नेम केलेला नसतो, दुकान वाढवण्याआधीचा केलेला असतो.

आता चुकलेल्या दिवसांचं. नेम मोडण्यापेक्षा नेम मोडल्याची खंत जास्त घातक असते. एक दिवस गेला की माणूस म्हणतो, ‘जाऊ द्या, आता खंड पडलाच.’ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे एक पाहणी केली. प्रत्येकाने रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून एक लहान कृती करायची: न्याहारीनंतर पाणी पिणं, जेवणासोबत फळ खाणं, असं काही. ती कृती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं, तर मधला आकडा निघाला ६६. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. ‘२१ दिवसांत सवय लागते’ म्हणून जे सांगत फिरतात त्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. पोळा ते लक्ष्मीपूजन दोन चांद्रमास, म्हणजे ५९ दिवस. पोळ्याला सुरुवात केली, त्यात दोन-तीन दिवस हुकले, तरी मध्ये अधिक महिना नसेल तर ६६वा दिवस भाऊबिजेनंतरच्या चार-पाच दिवसांतच येतो. म्हणजे ज्या काळात सवय मोडते म्हणून आपण रडतो, नेमक्या त्याच काळात ती लावताही येते.

खंड पडू द्यायचाच असेल तर तो कसा पडू द्यावा, हे धर्माबादच्या शेजारणीकडून घ्यावं. सिकंदराबादकडे जाणारी गाडी धर्माबाद सोडून तेलंगणात शिरली की बासर येतं. गोदावरीच्या काठावरचं ज्ञानसरस्वतीचं हे देऊळ अक्षराभ्यासासाठी प्रसिद्ध आहे. लहान पोराला मांडीवर घेऊन त्याच्याकडून पहिलं अक्षर गिरवून घ्यायला लोक इकडूनही जातात, तिकडूनही येतात. वसंत पंचमीला आणि विजयादशमीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. दक्षिणेतल्या बऱ्याच घरांत नवरात्राच्या शेवटी पुस्तकं-वह्या पूजेला बसवतात आणि विजयादशमीपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. मग त्या दिवशी पूजा उतरवून पहिलं काम काय, तर काहीतरी लिहायचं, वाचायचं. केरळात तर लहानांसोबत मोठी माणसंही तांदळात बोटाने अक्षर काढतात. आपल्याकडेही दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती निघते. या प्रथेतला शहाणपणाचा भाग म्हणजे सुट्टी सुरू होण्याआधीच तिचा शेवटचा दिवस ठरलेला असतो. ‘दिवाळी झाल्यावर बघू’मध्ये नेमकी हीच तारीख नसते. घरात कार्य असेल, चार दिवस खरोखर जमणार नसेल, तर बिनदिक्कत सुट्टी घ्यावी. फक्त परत यायची मिती भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवावी.

व्यापाऱ्यांनी तर याहून पुढची सोय करून ठेवली आहे. सरकारी हिशोबाचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, इंग्रजांनी ते १८६७ साली तसं ठरवलं. तरी लक्ष्मीपूजनाला नवी वही आणायची, तिच्यावर कुंकवाने ‘श्री’ आणि स्वस्तिक काढायचं, ‘शुभ-लाभ’ लिहायचं, हा प्रघात मोंढ्यात चालू आहे. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सणाच्या संध्याकाळी, दुकानात व्यवहार बंद असताना, वही मात्र उघडलेली असते.

आणि मराठी लेखकाने तक्रार करावी तरी कोणत्या तोंडाने? मराठी साहित्यातला निम्माअधिक व्यवहार सणावरच उभा आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. मित्र मूळचे आजगावकर; बंगाली साहित्याच्या प्रेमात पडून त्यांनी हे नाव घेतलं. इंग्रजी नियतकालिकं नाताळला खास अंक काढत, तोच धागा त्यांनी दिवाळीला जोडला. पुढे मौज, किर्लोस्कर, दीपावली, हंस, आवाज अशी मोठी रांग लागली. आजही दर दिवाळीला शेकडो अंक निघतात, आणि अनेक नावाजलेल्या कथा, कविता, लेख पुस्तकात जाण्याआधी दिवाळी अंकात आलेले आहेत.

त्यामुळे लेखकाची दिवाळी पावसाळ्यातच होते. संपादकाचं पत्र उन्हाळ्यात येतं, श्रावण-भाद्रपदात मजकूर मागवला जातो, पितरपाठात मुद्रितं तपासली जातात, फर्मे चढतात आणि दसऱ्यानंतर अंक बाजारात येतो. गणपतीच्या आरत्या चालू असताना माडीवर बसून दिवाळी अंकाची कथा पुरी करणं हे मराठी लेखकाच्या पिढ्यांनी केलेलं काम आहे. सणाच्या घाईत लिहिता येत नाही, हे म्हणणं या भाषेत तरी टिकणारं नाही. मुदत असली की लिहिता येतं, हे शंभरावर वर्षं सिद्ध होत आलंय.

पण या परंपरेची दुसरी बाजूही सांगायला हवी. दिवाळी अंकाने पुष्कळ लेखकांना फक्त खरिपाचं पीक घ्यायची सवय लावली. श्रावणात पेरणी, अश्विनात मळणी, आणि कार्तिकापासून पुढच्या वैशाखापर्यंत रान पडीक. चार जणांचं मागणं आलं म्हणून चार कथा रेटून लिहायच्या आणि मग सहा महिने लेखणीला हात लावायचा नाही, याला लिहिण्याची सवय म्हणता येणार नाही. तो मुदतीचा धाक आहे. धाकाने पानं भरतात. पण एखादी गोष्ट रोज थोडी थोडी उलगडत जाते, ती धाकाने होत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८०च्या दशकात प्राध्यापकांवर प्रयोग केले. मनात आलं की लिहू म्हणणाऱ्यांपेक्षा ठरवून रोज बसणाऱ्यांची पानं जास्त झाली यात नवल नाही, पण नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. सुचलं की लिहू, हा क्रम त्यांच्याकडे उलटा निघाला.

यावर कोणीतरी साने गुरुजींचं उदाहरण देतंच. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ला सुरू झालं आणि १३ फेब्रुवारीला पुरं झालं. पाच दिवसांत पुस्तक! खरं आहे. पण तुरुंगात पाहुणे येत नाहीत, आणि ती आई गुरुजींच्या मनात त्याआधी कित्येक वर्षं लिहिली जात होती. संसारी माणसाला अँथनी ट्रॉलप जास्त उपयोगी. हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचा आणि मग कामावर जायचा. खात्याच्या कामासाठी सारखा रेल्वेचा प्रवास, म्हणून डब्यात गुडघ्यावर पाटी घेऊन पेन्सिलीने लिहायची सवयही त्याने करून घेतली. सत्तेचाळीस कादंबऱ्या झाल्या. मुंबईहून दिवाळीला देवगिरी एक्स्प्रेसने धर्माबादला येणाऱ्याला अख्खी रात्र आणि वर सकाळ मिळते. मोबाइलची बॅटरी छत्रपती संभाजीनगरच्या आतच संपते, वहीला चार्जर लागत नाही.

एवढं सगळं सांगून झालं तरी एक प्रश्न उरतो, तो टाळून चालणार नाही. आरतीनंतर खिडकीत बसायला मिळतं कोणाला? आरतीनंतर पानं वाढणाऱ्या बाईला मिळत नाही. मुनिमाची गादी पुरुषाची होती आणि ट्रॉलपला पहाटे कॉफी करून द्यायला नोकर होता. सणासुदीतल्या लेखनावर लिहिलेले बहुतेक सल्ले ज्यांचा स्वयंपाक दुसरं कोणी करतं त्यांनी दिलेले असतात. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि शेतात काम करताना त्यांना सुचलेलं घरातल्या लिहित्या मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवलं, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ते पुस्तकरूपाने आलं म्हणून आपल्याला मिळालं. ज्या घरांत टिपून ठेवणारं कोणी नव्हतं, तिथलं सगळं गेलं.

आज निदान टिपून घेणारं यंत्र हाताशी आहे. मोबाइलवर २०१७पासून मराठीत बोलून टंकलेखन करता येतं. अनारशांचं पीठ मळताना फोन फडताळावर उभा करून तीन वाक्यं बोलली तर तीन वाक्यं उमटतात. मराठवाडी बोलीत त्याचे थोडे हाल होतात, ‘व्हय’चं भलतंच काही होतं, पण ते नंतर सुधारता येतं. दुसरं, किराणा सामानाची यादी सणात लिहावीच लागते. तीच यादी वहीत लिहावी, सुट्या चिठोऱ्यावर नको. यंदा गूळ किती, डाळ किती, कोणत्या भावाने, मागच्या खेपेला काय कमी पडलं होतं. दहा दिवाळ्यांच्या अशा याद्या एका वहीत असतील तर ती वही कोणत्याही कथेइतकी बोलेल. आणि तिसरं घरातल्या पुरुषांसाठी: पंधरा मिनिटं तिला द्यायची असतील तर पानं वाढायला उठा. याला दुसरा उपाय मला माहीत नाही.

सणात लिहायचं काय, हाही एक अडसर असतो. माणसं दिवाळीची पणती, प्रकाश, आनंद असं काहीतरी लिहायला बसतात आणि तिसऱ्या ओळीत कंटाळतात. त्यापेक्षा रोजमेळासारखी नोंद करावी: कोण, कशापोटी, कोणाच्या हस्ते. नमुना म्हणून एक नोंद देतो. ती काल्पनिक आहे, पण धर्माबादच्या हवेतली आहे.

‘अष्टमी. मोंढ्यात सोयाबीनच्या गाड्या कालच्यापेक्षा कमी. ओल जास्त म्हणून दर पाडला. मापाडी म्हणाला, यंदा शेंगेतच कोंब फुटला, तोलायचं काय. संध्याकाळी शेजारच्या आजी बतुकम्माला तंगेडूची फुलं मागायला आल्या. आपण तरवड म्हणतो तेच. म्हणाल्या, बांधावर आता राहिलाच नाही. आरतीच्या वेळी लाइट गेली. धाकट्याने मोबाइलच्या उजेडात आरती म्हणून घेतली.’

सहा-सात मिनिटांचं काम. यात कुठलाही विचार मांडलेला नाही, तरी पीक आहे, बाजार आहे, बतुकम्मा या तेलंगणी सणामुळे सीमेवरची दोन भाषांची वस्ती आहे आणि संपत चाललेलं एक झुडूपही आहे. हीच नोंद दिवाळीनंतर लिहायला बसलात तर ‘अष्टमीला लाइट गेली होती’ एवढंच आठवेल. मापाड्याचं वाक्य गेलेलं असेल. त्या दिवशीचा रोजमेळ त्याच दिवशी लिहिला तर पुढे सवडीने खतावणी होते. तरवडाच्या नोंदी एकीकडे काढून लेख करता येतो, मोंढ्याच्या एकीकडे काढून कथा. सणात खतावणी करायला बसूच नये. ते येळवशीनंतरचं काम.

काही सुचलंच नाही तर एका माणसाला पत्र लिहावं. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंना शिवाजी महाराजांविषयी लिहिलेलं दीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना म्हणून छापलं गेलं, आणि मूळ कादंबरीइतकीच तिची चर्चा झाली. समोर एक ठरावीक वाचणारा असला की कुरुंदकरांसारख्या विद्वानाचंही लिहिणं मोकळं होतं. आपलं तर होईलच. दिवाळीला शंभर जणांना तेच चित्र पुढे ढकलण्यापेक्षा भाऊबिजेला येऊ न शकलेल्या बहिणीला पानभर लिहावं.

साधनं आधी जमवून ठेवावीत. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे, आणि त्यात ते अक्षराचं वळण, ओळी, समास, कागद, शाई, लेखण्या अशा अगदी हातातल्या गोष्टींबद्दल बोलतात. दिवाळीच्या आदल्या रात्री पेन शोधण्यात दहा मिनिटं घालवणाऱ्याने तो समास वाचावा.

तेव्हा यंदा एवढं करा. पोळ्याच्या बाजारात झुली आणि गोंडे घ्याल तेव्हाच एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर रोज कशानंतर लिहिणार आणि कुठे बसणार ते लिहा. खाली ज्या चार-सहा दिवसांची सुट्टी घेणार त्या मित्या आणि परत यायची मिती टाका. मग पोळ्याच्या रात्री, बैलांना पुरणपोळीचा घास देऊन झाला की, पहिली नोंद करा. तीन ओळी पुरेत.